काठीच्या पाठीमागचा वारा

त्या दिवशी संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, आम्ही संगमावरच्या इंग्रज साहेबाची काठी ऐकली. म्हणजे मी दारासमोर मोकळ्या जागेत उभा राहून डोळे मिटून ती तीनदा जोरानं फिरवली, आणि ही उंबऱ्याच्या आत सुपात तांदूळ निवडत बसली होती, तिनं ऐकली. दोन खेपांना ती गप्प होती. तिसऱ्या खेपेला तिनं सुपावर हातानं एक थाप मारली. एक थाप म्हणजे काठी बरी. दोन थापा म्हणजे नाही. मी डोळे उघडून गंभीरपणे मान हलवली. समोरून शेजारचा तांबट चालला होता, तो म्हणाला, "काय कान आहे, सुतारबुवा, तुमचा." मी म्हटलं, "देवाची कृपा." आत ही हसली.

जेवताना तिनं विचारलं, "वस्तादांकडे कधी जाणार?"

"जाईन."

"सहा वर्षं जाताय."

"जाईन म्हटलं ना."

"बरं. ही भाकरी घ्या, ती करपलीय."

एवढंच. पहाटे ती उठली नाही. दुपारी नदीवर नेली.

आमच्या आळीत माघात विश्वकर्म्याचा उत्सव असतो. कीर्तन झालं की एखाद्या म्हाताऱ्या कारागिरानं आपल्या धंद्याचं थोडं लिहून आणायचं आणि ते सगळ्यांपुढे वाचायचं, अशी पद्धत पडली आहे. गेल्या साली लोहारानं लिहिलं होतं. ते चालू असताना लोहार सोडून सगळे झोपले. ह्या साली माझी पाळी. मला अक्षर बेताचं. लाकडावर खुणा करता याव्यात इतकं बापानं शिकवलं, पुढचं मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. तेव्हा चुका काढायच्या असतील त्यांनी काढाव्यात, पण वाचून झाल्यावर.

मी दांडे करणारा सुतार. दारं, खांब, पालख्या करणारे वेगळे, आणि ते मला थोडं कमी समजतात. समजोत. दार एका जागी उभं असतं. वाऱ्यानं आपटलं तर कडी लावतात. माझ्या जिनसा माणसाच्या हातात फिरतात, त्यांना कडी लावता येत नाही. कुऱ्हाडीचा दांडा, भाल्याची काठी, लाठी, मोगरी. आणि बनेटी, म्हणजे दोन्ही टोकांना लाकडी गोळे बसवलेली काठी. तालमीतली माणसं ती अंगाभोवती गरगर फिरवतात.

वारा म्हणजे काही नाही असं लोकांना वाटतं, कारण तो दिसत नाही. नदीत कंबरभर पाण्यात उभं राहून काठी फिरवून बघा. पाणी कसं अडवतं ते लगेच कळतं. वाराही तेच करतो, फक्त हलक्या हातानं. काठी हळू फिरवाल तर तो ओळखही देत नाही. जोर वाढवला की आडवा येतो. दुप्पट जोरात आणली तर तो दुप्पट नाही, चौपट आडवा येतो. हे मी मोजलेलं नाही, खांद्याला कळलेलं आहे. आणि तो काठीला सगळीकडे सारखा लागत नाही. मुठीजवळची वीतभर जागा जागच्या जागी फिरते. टोकाला तेवढ्याच वेळात सगळं अंगण ओलांडून यायचं असतं. म्हणून मुठीशी काठी जाड असली तरी चालतं. टोकाशी बोटभर लाकूड जास्त ठेवलंत तर मारणाऱ्याचा अर्धा जोर वारा खातो, आणि मारणारा म्हणतो आज जेवलो नाही वाटतं.

हे सगळं काठी आवाजानं सांगते. चांगली काठी कमी बोलते. एक बारीक सळसळ होते आणि ती शेवटी साफ तुटते. वाईट काठी भुरभुरते, फडफडते, एखादी तर रडते. रडते हा शब्द हिचा. मी ते कधी ऐकलेलं नाही.

ते असं. तरुणपणी मी तोफखान्यात गाड्यांच्या चाकांना आरे बसवायला होतो. एकदा मी चाकाखाली वाकलेला असताना कुणी न सांगता तोफ डागली. त्यानंतर माझे बारीक आवाज गेले ते गेलेच. माणसाचं बोलणं, ढोल, हातोडा हे ऐकू येतं. चिमणी, रातकिडा आणि काठीची सळसळ नाही. दांडे करणाऱ्या सुताराला सळसळ ऐकू येत नाही हे कळलं असतं तर सरकारी हत्यारांच्या शिलेखान्याचं भाल्यांचं काम दुसऱ्या दिवशी बंद झालं असतं. मी कुणाला सांगितलं नाही. नुसत्या हाताच्या अंदाजानं काठ्या देत राहिलो, आणि त्यातल्या काही परत यायला लागल्या.

तेव्हा ही नवीन घरात आली होती. एके दिवशी मी काठी फिरवत होतो, ही आतून म्हणाली, "ती नका देऊ. त्यात काहीतरी फडफडतंय." मी रागावलो. नवी बायको, सुताराच्या कामात बोलते. पण काठी उन्हात धरून बघितली तर टोकाशी केसाएवढी चीर होती. मी आत गेलो आणि दार लावून तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यात काय. तुम्ही फिरवा, मी ऐकते." थापेची युक्ती तिचीच. सूप हातात असलं की बाई काय करतेय हे कुणी विचारत नाही.

चाळीस वर्षं माझं नाव तिच्या कानांवर चाललं. मी डोळे मिटून उभा राहायचो, लोक मला ऋषी समजायचे. आज हे लिहितो आहे त्यानं शिलेखान्याचे कारकून नाराज होतील. होऊ देत.

तिचं मी ऐकलं नाही असं एकदाच झालं. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट.

शनिवार पेठेतल्या तालमीचे वस्ताद दर दसऱ्याला श्रीमंतांच्या स्वारीपुढे बनेटी फिरवायचे. पुण्यात त्यांच्यासारखा हात दुसरा नव्हता. त्या साली ते येऊन म्हणाले, "सुतारबुवा, गोळे मोठे करा, आणि गोल नकोत. चौकोनी करा, कोपरे चांगले उठवा, वर रुपेरी वर्ख लावा. उन्हात चमकले पाहिजेत." मी केले. देखणे झाले होते, खोटं कशाला सांगू. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फिरवले. आतून दोन थापा आल्या.

मी आत जाऊन म्हटलं, "काय झालं?"

"रडते ही. देऊ नका."

"उद्या दसरा आहे. आता नवे गोळे कुठून आणू?"

"जुनी बनेटी न्यायला सांगा."

तेवढ्यात वस्तादच आले. वर्ख लावलेले गोळे बघून त्यांनी मला मिठी मारली. चार माणसांत म्हणाले की असा कारागीर पेशवाईत दुसरा नाही. मी बनेटी त्यांच्या हातात दिली. ही सुपात बघत बसली.

दुसऱ्या दिवशी स्वारीपुढे तिसऱ्या फेऱ्याला बनेटी त्यांच्या हातात अडली. खांद्यावरून यायची ती उशिरा आली, गुडघ्यावर बसली आणि हातातून सुटून हत्तीच्या पायाशी गडगडत गेली. हत्ती शहाणा होता, थांबला. लोक मात्र हसले. वस्तादांसारख्या माणसाला लोक हसले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ते लंगडत माझ्याकडे आले. ओरडायला आलेत असं मला वाटलं. पण ते माझ्यासमोर उजवा हात धरून म्हणाले, "सुतारबुवा, मनगट गेलं माझं. बनेटी वेळेवर येईना."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "वय होतं, वस्ताद."

त्यानंतर ते चारचौघांत कधी उतरले नाहीत. तालमीत ओट्यावर बसून शिकवतात.

आता साहेबाचं सांगतो, म्हणजे मधलं कळेल. सहा वर्षांपूर्वी संगमावरच्या इंग्रजांच्या वकिलातीतून एक कारकून मोडकी काठी घेऊन आला. हे पंत बुधवार पेठेतले, त्यामुळे बोलणं सरळ नाही. म्हणाले, "ही साहेबाची खेळायची काठी. मोडली. पुण्यात काठ्या मोडणारे पुष्कळ, करणारा तू एक, असं ऐकलं."

काठी छातीएवढी उंच. खालच्या टोकाला लाकडाचं लांबट डोकं, बदकानं मान मोडून चोच पुढे काढावी तसं. एका बाजूनं सपाट, ती चेंडूला लागायची. आत शिसं ओतलेलं. मी विचारलं, "ह्यानं करतात काय?"

"चामड्यात पिसं ठासून केलेला लहानसा चेंडू असतो. तो ह्यानं मारतात. लांब जातो. मग त्याच्या मागे चालत जातात, पुन्हा मारतात, आणि शेवटी एका बिळात घालतात."

"मग?"

"मग हात घालून बाहेर काढतात."

आतून हिचा आवाज आला, "मग घालतात कशाला?" पंत म्हणाले, "बाई, हे विचारायला मला पगार नाही."

मी काठी मन लावून केली. दांडा धावड्याचा. खडकवासल्याच्या पलीकडच्या डोंगरातून आणलेलं लाकूड, वाकतं पण मोडत नाही. डोकं बाभळीचं. मापं केसभर चुकवली नाहीत. पण माझा हात भाल्यांचा. भाल्याला मानेशी तांबडा गोंडा नसला तर गिऱ्हाईकाचा अपमान समजतात. मी साहेबाच्या काठीला उत्तम रेशमी गोंडा बांधला. आणि डोक्याची पाठ मोकळी दिसत होती, तिथं लाकूड जास्त ठेवून उठावाचं कमळ कोरलं.

आठ दिवसांत पंत काठी घेऊन परत. "साहेब विचारतात, ही काठी आहे की घोड्याचं शेपूट? चेंडू अर्ध्या वाटेत बसतो. म्हणतात, मारताना मागून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटतं."

गोंडा कापला. काठी सुधारली, पण पुरती नाही. त्या दुपारी हिनं परसात पदर खोचून काठी स्वतः फिरवली. रस्त्यावर तिनं कधी फिरवली नाही, परसात मात्र माझ्यापेक्षा बरी फिरवायची. दोनदा फिरवून म्हणाली, "पुढून अडत नाही हो. मागून ओढतंय. सुपानं पाखडताना सूप सपाट आणलं की कोंडा आपल्याच अंगावर मागून येतो ना, तसं."

मला पटलं नाही. वारा समोरून लागतो, मागून कसा ओढेल? मी म्हटलं, "तोंड निमुळतं करतो."

"तोंडानं चेंडू मारायचाय. निमुळत्या तोंडानं कसा मारणार?"

दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन नदीवर गेली तेव्हा तिनं काठी धुण्यात गुंडाळून नेली आणि मलाही बोलावलं. मुठा नदीला ओढ होती. तिनं काठीचं डोकं पाण्यात धरलं, सपाट तोंड ओढीकडे. तोंडावर पाणी फुटून दोन्ही बाजूंनी सरळ निघून जात होतं. पण पाठीमागे, माझ्या कमळाच्या मागे, पाणी गरगरत होतं. वरून एक पिंपळाचं पान वाहत आलं, डोक्याला वळसा घालून पाठीमागे गेलं आणि तिथंच अडकलं. फिरत राहिलं, पुढे जाईना.

"बघा," ती म्हणाली. "त्याला सोडतच नाही. ते सगळं बरोबर ओढत न्यावं लागतं काठीला."

मी बघत राहिलो. ती म्हणाली, "मासा बघा. तोंड बोथट, शेपटी निमुळती. तुम्ही कमळाला बसवलंत शेपटीच्या जागी."

घरी येऊन कमळ तासून काढलं. फार जिवावर आलं, पाकळ्या चांगल्या उतरल्या होत्या. पाठ मागे निमुळती करत नेली. पाठीचं वजन कमी झालं म्हणून शिसं आत खोल बसवलं. दांडा खालच्या टोकाला आणखी बारीक केला. पुन्हा नदीवर. ह्या खेपेला पान आलं, पाठीवरून घसरलं आणि निघून गेलं. आम्ही दोघं पाण्यात उभे राहून पानं सोडत बसलो. धुणं तसंच राहिलं. तिच्या वयाच्या बायका बघत होत्या, त्याची तिनं पर्वा केली नाही. आयुष्यात कुणाला काय मिळतं ते ज्याचं त्याला. मला ती सकाळ मिळाली, आणि मी देवाकडे आणखी मागितलं तर ते हावरेपणाचं होईल.

साहेबानं संगमावर बोलावून मला चेंडू मारून दाखवला. तो गेला तो कुठं गेला ते कुणाला कळेना. साहेब उन्हानं सोललेला, उंच माणूस, लहान मुलासारखा हसला. पंत म्हणाले, "साहेब म्हणतात, त्यांच्या मुलखात असा सुतार नाही. ही अक्कल कुठून सुचली?"

मी म्हटलं, "विचार केला."

घरी येऊन हिला सांगितलं तर म्हणाली, "त्यांच्या मुलखात सुतारणी नसतील."

तिला नाव नको होतं. पण त्याच दिवशी तांदूळ धुता धुता ती थांबली आणि म्हणाली, "वस्तादांच्या बनेटीला हेच झालं हो. चौकोनी गोळा कसाही फिरला तरी त्याला पाठ असतेच, आणि पाठीमागे ते पान अडकतंच. दोन टोकांना दोन. त्यांचं मनगट चांगलं होतं."

तोवर मी मनाशी म्हणत होतो की बनेटी थोडी रडत असेल, पण वयही झालं असेलच. त्या दिवसापासून तेही राहिलं नाही.

"सांगा त्यांना," ती म्हणाली.

"सांगितलं तर विचारतील, आधी कळलं नव्हतं का."

"विचारतील. मग सांगा कळलं होतं."

"अगं, मग धंदा?"

ती म्हणाली, "माझे कान आहेत तोवर धंद्याला काही होत नाही. त्यांचा हात मात्र फुकट चाललाय." त्यानंतर वर्षातून दोन-चारदा ती विचारायची. रागानं नाही, दळण आणलं का विचारावं तसं. मी जाईन म्हणायचो. शनिवार पेठ माझ्या घरापासून शंभर पावलं जास्तीत जास्त. साहेबासाठी मी सहा वर्षांत सात काठ्या केल्या, दर खेपेला संगमापर्यंत चालत गेलो. शनिवारात गेलो नाही.

तिनं मला चाळीस वर्षं पोसलं असं मी म्हणतो तेव्हा लोक म्हणतात दुःखात बोलतोय. दुःख आहे, पण हे दुःखात बोलत नाही. मी नशीबवान माणूस. बहिऱ्याला ऐकणारी मिळाली, आणि तिनं त्याचा कधी उपकार म्हणून उल्लेख केला नाही. चिडायची ती मी भाकरी थंड होऊ दिली म्हणून.

नदीवर नेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून शनिवारात गेलो. सुतकात तालमीत पाऊल टाकता येत नाही, आत मारुती आहे. रस्त्यावर उभा राहून हाक मारली. वस्ताद बाहेर आले. मला बघून म्हणाले, "अहो, कालच ना? आज कशाला बाहेर पडलात?"

"बोलायचं आहे."

"दहा दिवस होऊ द्या. मी येतो तुमच्याकडे."

"दहा दिवसांनी मी बोलणार नाही. मला मी ठाऊक आहे."

ते पायरीवर थांबले. मी म्हटलं, "त्या दसऱ्याची बनेटी वाईट होती. चौकोनी गोळ्यांमागे वारा अडकत होता. देण्याआधी मला ठाऊक होतं. तुम्ही मनगट म्हणालात, मी वय म्हणालो. मनगटाला काही झालेलं नव्हतं."

वस्तादांनी उजवा हात वर करून बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मग म्हणाले, "नऊ वर्षं मी ह्याला तेल चोळतोय, सुतारबुवा."

ते आत गेले. आता दार लागेल असं वाटलं, आणि लागलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण ते बाहेर आले तेव्हा हातात जुनी बनेटी होती, साध्या गोल गोळ्यांची. रस्त्याच्या मध्ये आले, मला हातानं मागे सरकायला सांगितलं. घागर घेऊन चाललेली एक बाई भिंतीला टेकली. वस्तादांनी फिरवायला सुरुवात केली, आधी कमरेशी, मग खांद्यावरून. माझे डोळे सवयीनं मिटले. तोंडावर वारा लागत होता.

ते थांबले. धाप लागली होती. म्हणाले, "बोला. कशी वाजतेय?"

"मला ऐकू येत नाही, वस्ताद," मी म्हटलं. "तोफखान्यापासून येत नाही. ऐकायची ती. त्या दसऱ्याची बनेटी देऊ नका म्हणाली होती, तीही तीच."

ते एक पाऊल मागे गेले, मान जरा कलती केली आणि पुन्हा फिरवायला लागले. ह्या खेपेला हळू, कान लावून.